एक पोतं तांदूळ आणि ओशिन



आज जपानबद्दल बोलायचं आहे. जपान म्हटलं की वेगवान गाड्या, यंत्रं आणि भूकंप एवढंच आपल्या कानावर येतं. मला मात्र नाद आहे तो तिथल्या मालिकांचा आणि जुन्या सिनेमांचा. जपानी भाषा येत नाही. पडद्याच्या तळाशी इंग्रजीत अक्षरं येतात, ती थांबवून थांबवून वाचायची आणि पुढे जायचं. "येडशीत बसून जपानचं काय बघतेस गं?" असं मला बायका विचारतात. त्याचंच उत्तर आज देते.

आपण रोज संध्याकाळी ज्या मालिका बघतो, त्यांत स्वयंपाकघर असतं, पण पीठ मळणारे हात क्वचितच दिसतात. सासू-सुना भांडतात, पण घरात पैसा कुठून येतो, कोण मिळवतं, कोण खर्च करतं, याचा पत्ता लागत नाही. मी पाहिलेल्या काही जपानी मालिका-सिनेमांत बाईचं काम दिसतं. तिनं किती पाणी आणलं, किती मासे विकले, कोणत्या कामाचे किती मिळाले, हे सगळं दिसतं. तेवढ्यासाठी मी ते बघते, आणि तेवढ्यासाठीच तुम्हीही बघावं असं मला वाटतं.

मराठी वाचणाऱ्या बायकांना जपानची ही वाट अगदी अनोळखी नाही. 'तोत्तोचान' हे पुस्तक शाळांच्या कपाटात असतं. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते मराठीत आणलं आणि नॅशनल बुक ट्रस्टनं छापलं. खिडकीतून बाहेर बघते म्हणून शाळेतून काढलेली ती पोर म्हणजे लेखिका तेत्सुको कुरोयानागी स्वतः. मोठी होऊन ती जपानी टीव्हीची पहिल्या फळीतली अभिनेत्री झाली. म्हणजे जपानी टीव्हीतलं एक माणूस आपल्या घरात आधीच येऊन बसलेलं आहे. आता दुसऱ्या एका पोरीची ओळख करून देते. तिचं नाव ओशिन.

पंधरा मिनिटांची सकाळची मालिका

जपानची सरकारी नसलेली, पण लोकांच्या वर्गणीवर चालणारी एक मोठी प्रसारण संस्था आहे, एनएचके. १९६१ पासून ती सकाळी छोट्या भागांची मालिका दाखवते. या मालिकांना तिकडे 'आसादोरा' म्हणतात, म्हणजे सकाळचं नाटक. नायिका बहुतेक वेळा बाईच असते. तिच्या लहानपणापासून गोष्ट सुरू होते आणि ती आपल्या पायावर कशी उभी राहिली हे सहा महिने रोज थोडं थोडं सांगितलं जातं.

या मालिकांचं मूळ रेडिओवरच्या कादंबरीवाचनात आहे. म्हणून त्यांत गोष्ट सांगणारा एक आवाज असतो. सकाळच्या वेळी बाई भांडी घासत असते, डबे भरत असते. तिला पडद्याकडे बघायला फुरसत नसते. तिला नुसतं ऐकूनही गोष्ट कळावी, अशी ही रचना. आपण रेडिओ लावून ज्वारी निवडतो ना, तसंच.

'ओशिन' ही अशीच सकाळची मालिका, पण ती सहा महिन्यांऐवजी पूर्ण वर्षभर चालली. एप्रिल १९८३ ते मार्च १९८४, एकूण २९७ भाग. लिहिणारीही बाईच होती, सुगाको हाशिदा. त्या काळात सरासरी शंभरातल्या बावन्न घरांत ही मालिका चालू असायची आणि एकदा तर तो आकडा ६२.९ टक्क्यांवर गेला. पुढे ती साठहून अधिक देशांत दाखवली गेली. इराणमध्ये तर तिचा एवढा प्रभाव पडला, की तिथल्या बोलीत जुन्या कपड्यांच्या दुकानाला 'तानाकुरा' म्हणू लागले. ओशिनच्या सासरचं आडनाव तानोकुरा, त्यावरून हा शब्द आला.

'ओ' हा जपानीत जुन्या काळी बायकांच्या नावाआधी लावायचा मानाचा उच्चार. खरं नाव शिन. या उच्चाराला जपानीत विश्वास, सत्य, हृदय, नवं आणि कष्ट असे बरेच अर्थ आहेत. मालिका बघताना हे सगळे अर्थ एकेक करून समोर येतात.

सालानं राहिलेली सात वर्षांची पोर

ओशिनचा जन्म १९०१ सालचा, यामागाता नावाच्या बर्फाळ भागातला. बाप कुळानं शेती करणारा. पीक येतं त्यातला मोठा वाटा मालकाला जातो. घरात माणसं जास्त आणि तांदूळ कमी, म्हणून तांदळात मुळा चिरून घालायचा आणि तो शिजवायचा. भात मुळ्याचाच जास्त, तांदळाचा कमी. आपल्यातल्या ज्या आजींनी १९७२चा दुष्काळ पाहिला, मिलो खाल्ला, खडी फोडली, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

घरात आणखी एक तोंड वाढणार म्हणून पोटुशी आई भर थंडीत नदीच्या पाण्यात उभी राहते, ते मूल राहू नये म्हणून. सात वर्षांच्या ओशिनला ते दिसतं. मग तिला एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे एक वर्षासाठी कामाला ठेवतात. मोबदला एक पोतं तांदूळ. जपानी पोतं म्हणजे साधारण ६० किलो. नदीतून तराफ्यावर बसून ती जाते आणि काठावरून आई बघत राहते. हा भाग जपानमध्ये आजही लोकांच्या लक्षात आहे.

आपल्याकडे याला साल म्हणतात. सालगडी ठेवतात, धान्य आणि पैसे ठरवतात. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं आणि मग दसरा-दिवाळीनंतर लेकरांसकट ट्रॅक्टरमध्ये बसतं. पैसा आधी खर्चून जातो आणि काम मागून फेडावं लागतं. ओशिनचं पोतं ही तिच्या घरानं घेतलेली उचलच होती. फरक एवढाच, की फेडायला सात वर्षांची पोर पाठवली होती.

तिथे पहाटेपासून रात्रीपर्यंत काम. मालकाचं बाळ पाठीवर बांधलेलं. तशीच ती शाळेच्या खिडकीपाशी उभी राहून आतला धडा ऐकते. पुढे एक नाणं हरवतं आणि चोरीचा आळ तिच्यावर येतो. ती बर्फात पळून जाते. डोंगरात लपून राहिलेला, लढाई नको म्हणून सैन्यातून पळालेला एक तरुण तिला वाचवतो. त्या हिवाळ्यात तो तिला लिहायला-वाचायला शिकवतो.

प्रत्येक वळणावर एक हुन्नर

'ओशिन' म्हणजे सोशिकपणाची गोष्ट, असं पुष्कळांनी म्हटलं. जपानमध्येही तिचं कौतुक झालं ते मुख्यतः सहनशक्तीसाठी. मला ते पटत नाही. सोसणारी बाई तिथे घरोघर होती. ओशिनची आई सोसतेच, बहीण हारू सोसतेच. हारू रेशमाच्या गिरणीत राबते, क्षयानं आजारी पडते आणि मरते. नुसतं सोसून त्यांचं काही बदललं नाही. ओशिनचं बदललं, कारण प्रत्येक वळणावर तिच्या हाताला काहीतरी आलं. आपण ते ओळीनं बघू.

पहिलं, अक्षर. ते डोंगरातल्या झोपडीत मिळालं.

दुसरं, हिशेब. पुढे ती साकाता या बंदराच्या गावी तांदळाच्या मोठ्या पेढीवर कामाला जाते. तिथली म्हातारी मालकीण तिला मण्यांच्या पाटीवर आकडेमोड शिकवते, शिवण शिकवते, चारचौघांत वागायचं कसं ते शिकवते. ज्या तांदळासाठी तिला घरातून पाठवलं, त्याच तांदळाचा व्यापार कसा चालतो हे तिला आतून बघायला मिळतं.

तिसरं, केशरचना. मरताना हारू सांगते, मला केस बांधणारी व्हायचं होतं. तिचं ते राहिलेलं काम ओशिन उचलते आणि टोकियोला जाऊन वर्षानुवर्षं शिकते. तोवर काळ बदलतो. बायका जुन्या पद्धतीचे भारदस्त अंबाडे सोडून नव्या तऱ्हेनं केस बांधू लागतात. ओशिन तेही शिकून घेते.

चौथं, शिवणयंत्र. लग्नानंतर नवऱ्याबरोबर ती लहान मुलांचे कपडे शिवायचा धंदा उभा करते. कारखाना उभा राहतो आणि १ सप्टेंबर १९२३ला टोकियोचा मोठा भूकंप होतो. दुपारच्या स्वयंपाकाची वेळ, घरोघर चुली पेटलेल्या. भूकंपापेक्षा आगीनं जास्त माणसं मेली. एक लाखाहून अधिक लोक गेले, हा इतिहास आहे. मालिकेत ओशिनचा कारखाना जातो आणि कर्ज तेवढं मागे राहतं.

मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ची पहाट कुणी विसरलेलं नाही. लोहारा, उमरगा, सास्तूर, पलीकडे किल्लारी. घर पडल्यावर माणसाला पहिल्यांदा काय आठवतं, नंतर काय आठवतं, हे आपल्याला माहीत आहे. घरं पुन्हा उभी राहताना आपल्या भागातल्या बायका गावच्या कामात पुढे आल्या आणि बचत गटांची बांधणीही त्या काळात वाढली. म्हणून हे भाग बघताना जपान मला लांबचं वाटलं नाही.

सासरचं घर आणि निघून जाण्याचा दिवस

भूकंपानंतर नवरा बायको-मुलाला घेऊन आपल्या गावी, सागाला जातो. घर जमीनदाराचं. सासूला ही सून पसंत नाही. दिवसभर शेतात काम, रात्री बोलणी. तिथून निसटायच्या धडपडीत ओशिनच्या हाताला दुखापत होते आणि केस बांधण्याचं काम पहिल्यासारखं जमेनासं होतं.

त्यातच ओशिन आणि तिची नणंद एकाच वेळी गरोदर असतात. एका छपराखाली दोन बाळंतपणं झाली तर एक जीव जातो, असा तिथला समज. म्हणून सुनेला बाहेर जायला सांगतात. ती पावसात, शेतात, एकटी बाळंत होते आणि मुलगी जगत नाही. इकडे नणंदेला दूध येत नाही. तिच्या बाळाला ओशिन पाजते, आणि ते बाळ वाचतं. हा प्रसंग बघताना माझा श्वास अडकला होता. आपल्याकडच्या विटाळाच्या, अपशकुनाच्या कितीतरी समजुती अशाच असतात. त्यांचा भार नेहमी घरातल्या सगळ्यात कमी मान असलेल्या बाईवर पडतो. लेकीला आत ठेवतात आणि सुनेला बाहेर काढतात.

आणि मग ओशिन मुलाला घेऊन ते घर सोडते. नुसती सोशिक असती, तर तिथेच राहिली असती. जाताना तिच्या गाठीला पैसा नाही, हात अधू आहे, पण काहीतरी करून खाऊ शकते हा विश्वास आहे. आधी रस्त्यावर खाण्याची गाडी लावते, मग खाणावळ चालवते. पुढे इसे या समुद्रकाठच्या गावी जाऊन दारोदार मासे विकते. हे तिचं पाचवं हुन्नर. पहाटे माल उचलायचा, विकायचा, उरलेल्याचं काय करायचं ते दुपारच्या आत ठरवायचं. भाजीची पाटी घेऊन बाजारला बसणाऱ्या आपल्या बायांना हे गणित चांगलं ठाऊक आहे.

नंतर नवरा परत येतो, दुकान होतं, चार दिवस बरे जातात. मग युद्ध. थोरला मुलगा युद्धात जातो. सैन्याला माल पुरवून नवरा मोठा झालेला असतो. युद्ध हरल्यावर तो स्वतःचा जीव संपवतो. त्याच्यामागे ओशिन पुन्हा मासे विकायला निघते. आपल्या भागात कर्जापायी घरधनी गेलेल्या बायका आहेत. 'आता हिचं कसं होणार' असं त्यांना सगळे म्हणतात, पण 'तुला काय येतं, आपण काय सुरू करू' असं विचारणारे थोडे. बचत गटानं हा दुसरा प्रश्न विचारायला हवा.

म्हातारपणी ओशिन मोठ्या दुकानांची मालकीण असते. गिऱ्हाइकानं माल स्वतः उचलायचा आणि दाराशी पैसे द्यायचे, अशी दुकानं. पण मालिका संपताना लेखिका तिला सुखात बसवत नाही. मुलानं कर्ज काढून काढून दुकानं वाढवलेली असतात आणि सगळं डोलायला लागतं. खरं तर मालिका सुरूच होते ती इथून. सतराव्या दुकानाच्या उद्घाटनाच्या दिवशी ही आजी कुणाला न सांगता घरातून निघून जाते आणि आपलं सगळं आयुष्य नातवाबरोबर पुन्हा फिरून बघते. मिळवलं ते कशासाठी आणि वाटेत काय हरवलं, याचा हिशेब ती मांडते. कष्टातून वर आलेल्या बाईलाही हिशेब चुकत नाही, हे सांगणं मला फार मोलाचं वाटतं.

पाण्याच्या दोन बादल्या

मालिकेत म्हाताऱ्या ओशिनचं काम नोबुको ओतोवा या अभिनेत्रीनं केलं आहे. तिचाच १९६०चा एक सिनेमा आहे, 'हादाका नो शिमा', म्हणजे उघडंबोडकं बेट. दिग्दर्शक कानेतो शिंदो. १९६१ साली मॉस्कोच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. एका लहानशा बेटावर नवरा-बायको आणि दोन मुलगे राहतात. बेटावर पाणी नाही. होडीनं पलीकडे जायचं, बादल्या भरायच्या, होडीनं परत यायचं, कावड खांद्यावर घ्यायची, उभा चढ चढायचा आणि एकेका रोपाला पळीनं पाणी घालायचं. मग पुन्हा होडी.

सिनेमाभर जवळजवळ कुणी बोलत नाही. म्हणून भाषा न येणाऱ्या बाईनं सुरुवात करावी तर इथून. एकदा चढावर तिच्या हातून पाणी सांडतं आणि नवरा तिच्या थोबाडीत मारतो. ती उठते, पुन्हा कावड घेते. पुढे थोरला मुलगा आजारी पडतो आणि डॉक्टर पोचेपर्यंत उशीर होतो. त्यानंतर एक दिवस ती आणलेलं पाणी स्वतःहून ओतून टाकते आणि लावलेली रोपं उपटू लागते. या वेळी नवरा हात उचलत नाही, नुसता बघत उभा राहतो. मग ती उठते आणि राहिलेल्या रोपांना पाणी घालू लागते.

डोक्यावर हंडा घेऊन उन्हात चाललेल्या बाईकडे आपण रोज बघतो आणि आपल्याला ते काम वाटत नाही. या सिनेमात दीड तास तेच दाखवलं आहे. बघून उठल्यावर आपल्या घरातली घागर आपल्याला वेगळी दिसते. टँकरच्या दिवसांत आपण किती फेऱ्या मारल्या, किती तास गेले, हे आपण कधी वहीत लिहिलंय का?

चटईवर बसलेला कॅमेरा

तिसरी गोष्ट म्हाताऱ्या आई-वडिलांची. 'तोक्यो मोनोगातारी', म्हणजे टोकियोची गोष्ट. यासुजिरो ओझूचा १९५३चा सिनेमा. गावाकडचं म्हातारं जोडपं मुलांना भेटायला शहरात येतं. मुलगा डॉक्टर, मुलगी केस कापायचं दुकान चालवते. दोघांना वेळ नाही. म्हाताऱ्यांना थोडे पैसे देऊन एका गरम झऱ्यांच्या गावी पाठवून देतात. वेळ काढते ती नोरिको, युद्धात गेलेल्या मुलाची बायको. ती कामावर रजा टाकते, त्यांना शहर दाखवते, आपल्या एका खोलीत सासूची झोपायची सोय करते.

गावी परतल्यावर आई जाते. मुलगी आठवण म्हणून आईचे कपडे मागते. सासरा मात्र नोरिकोला सासूचं घड्याळ देतो आणि सांगतो, तू आता पुन्हा लग्न कर. पोटच्या पोरांपेक्षा तू आमचं जास्त केलंस, हे तो कबूल करतो, पण त्या बदल्यात तिला बांधून ठेवत नाही. विधवा सुनेला 'तुझं आयुष्य तुझं आहे' असं सांगणारा सासरा सत्तर वर्षांपूर्वीच्या सिनेमात आहे. आपल्या गावांतही तो दिसावा.

हा सिनेमा बघताना एक गोष्ट ध्यानात येईल. ओझू कॅमेरा फार खाली ठेवतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेइतका. जपानी माणूसही आपल्यासारखाच खाली बसून जेवतो, पाहुण्याशी बोलतो. त्यामुळे आपणच त्यांच्या घरात बसलोय असं वाटतं.

बघायला बसण्याआधी

चार गोष्टी माहीत असल्या की गोंधळ होत नाही. जपानी लोक आडनाव आधी आणि नाव नंतर घेतात. नावापुढचं 'सान' म्हणजे आपलं 'ताई', 'राव', 'बाई' यांसारखं. घरात येताना जोडे काढतात, वाकून नमस्कार करतात, आणि जितका मान जास्त तितकं जास्त वाकतात. म्हणजे कोण कुणापुढे किती वाकलं यावरून त्या घरात कुणाची सत्ता आहे ते न बोलता कळतं. आणखी एक, तिथल्या गोष्टी सावकाश चालतात. भांडणाला ढोल-ताशे लागत नाहीत. सुरुवातीला कंटाळा येईल, तो येऊ द्या.

गटात इंग्रजी वाचणारी एखादी लेक असतेच. तिला मध्ये बसवा आणि अक्षरं मराठीत सांगायला लावा. तिचाही अभ्यास होतो. एका बैठकीला ओशिनचा एक भाग, पंधरा मिनिटं पुरेत. मग मोबाइल बंद करून तीन प्रश्न घ्या. या भागात काम कुणी केलं? त्याचा मोबदला कुणाच्या हातात गेला? आणि या बाईला आज असं काय आलं, जे काल येत नव्हतं?

नंतर हेच तीन प्रश्न आपल्या नेहमीच्या मालिकेला विचारा आणि मग आपल्या घराला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गटाच्या वहीत लिहिली तरी बरंच काही उजेडात येईल. तिसऱ्याचं उत्तर मात्र प्रत्येकीनं दर महिन्याला नवं आणावं. कुणी सही शिकेल, कुणी बँकेची स्लिप भरायला, कुणी शिवणयंत्राची सुई बदलायला.

पुढच्या बैठकीत बघा आणि कसं वाटलं ते रेडिओला कळवा. तुमची उत्तरं आपण याच वेळेला वाचून दाखवू. नमस्कार.